पद्मिनीचा जीर्णोद्धार

सोलापूर म्हटलें कीं कापडाच्या गिरण्या, चादरी, सिद्धेश्वराचें तळें आणि संक्रांतीची गड्ड्याची यात्रा एवढ्या गोष्टी चटकन् डोळ्यांपुढें येतात. मोटारगाडीची आठवण कोणास होत नाहीं. आणि तरीहि मुंबईच्या रस्त्यांवर ज्या गाडीनें पिढ्यान् पिढ्या उतारूंची ने-आण केली, तिच्या कारखान्याचा संस्थापक याच गांवचा. शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजीं सोलापुरास झाला. घराणें गुजराती दिगंबर जैनांचें; धंदा कापसाचा व सावकारीचा. पेढीवर बसून व्याजाचे आंकडे मोजण्यांत या तरुणाचें मन रमेना. रेल्वेंतील एक माजी कारकून लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशीं त्यानें भागी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या बांधकामाचा मक्ता घेतला. पुढें आगबोटी आल्या, साखर आली, विमानें आलीं, आणि या सर्वांमागून मोटार आली.

ती मोटार आज जुन्या वस्तूंच्या पंक्तीला जाऊन बसली आहे. २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेवच्या कचेरींत नोंदलेली शेवटची ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरतांच २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून निघाली. खासगी मालकीच्या कांहीं गाड्या मात्र अद्याप शेडमध्यें, वाड्याच्या देवडींत किंवा ताडपत्रीखालीं उभ्या आहेत. वडिलांची किंवा आजोबांची अशी एखादी गाडी बाहेर काढून नीट करावी, ही हौस आतां पुष्कळांस वाटूं लागली आहे. गाडी मिस्त्रीच्या दारांत नेऊन उभी केली कीं पहिल्याच दिवशीं प्रश्न पडतो: ती कारखान्यांतून निघाली तशीच करावयाची, कीं आजच्या रस्त्यावर निर्धास्तपणें चालेल अशी करावयाची?

प्रश्न दिसतो तितका नवा नाहीं. देवळांच्या बाबतींत तो फार पूर्वीं पडून गेला आहे. अहिल्याबाई होळकरांनीं १७८० च्या सुमारास काशीविश्वेश्वराचें देऊळ बांधविलें, तें पूर्वींच्या मंदिराची दगडास दगड अशी प्रतिकृति व्हावी म्हणून नव्हे. देवाची पूजा चालावी, यात्रेकरूंस दर्शन घडावें, हा त्यांतील हेतु. आपल्याकडे जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थ असाच आहे: वस्तु पुन्हां आपल्या कामास लागली पाहिजे. याच्या उलट सर जॉन मार्शल यांनीं १९२३ सालीं पुराणवस्तु खात्यासाठीं जी नियमावलि प्रसिद्ध केली, तिचा रोख निराळा होता. जुन्या इमारतीचें खरेपण गेलें कीं तिचें ऐतिहासिक मोलहि गेलें. तेव्हां पडकें असेल तें सांवरावें, हौसेनें नवें रचूं नये, असें त्यांचें सांगणें. नांदत्या देवळास पहिला मार्ग शोभतो, ओसाड लेण्यास दुसरा. मोटारीची अडचण अशी कीं ती एकाच वेळीं नांदतें देऊळहि असते आणि लेणेंहि असते.

शिवाय, ‘मूळचें’ म्हणजे कोणतें, हें आधीं ठरवावें लागतें. पद्मिनीच्या बाबतींत या प्रश्नाचें उत्तर वाटतें तितकें सरळ नाहीं, आणि त्यासाठीं थोडा इतिहास पाहणें अवश्य आहे.

हिंदुस्थानांत मोटारी तयार व्हाव्यात, अशी योजना सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनीं दुसऱ्या महायुद्धापूर्वींच आंखली होती. ती हातीं घेऊन वालचंद १९३९ सालीं अमेरिकेस गेले. प्रथम फोर्डकडे बोलणें झालें, तें फिसकटलें. नंतर क्रायस्लर कंपनीशीं जमलें. पण तोंपर्यंत युद्ध पेटलें होतें, आणि तत्कालीन परकी सरकारला येथें मोटारीचा कारखाना उभा राहण्याची मुळींच घाई नव्हती. विमानांचा कारखाना १९४० सालीं बंगळूरास निघाला, विशाखापट्टणच्या जहाजगोदीचा पाया १९४१ सालीं घातला गेला. मोटार मात्र लांबणीवर पडत गेली. अखेर १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली आणि मार्च १९४७ मध्यें कुर्ल्याच्या कारखान्यांतून पहिली गाडी बाहेर पडली. स्वातंत्र्यास तेव्हां पांच महिने अवकाश होता.

ती गाडी अमेरिकन वळणाची होती. डॉज, प्लिमथ, डी सोटो, फार्गो अशीं नांवें तिच्या भाऊबंदांस होतीं, आणि पेट्यांतून आलेले सुटे भाग येथें जुळवावयाचे, एवढेंच आरंभींचें काम. मग इटलींतील तूरीनच्या फियाट कंपनीशीं करार झाला व लहान गाड्या आल्या. फियाटची नवी ‘अकराशें’ मार्च १९५३ मध्यें जिनीव्हाच्या प्रदर्शनांत लोकांपुढें आली. पुढच्याच महिन्यांत, ८ एप्रिलला, वालचंद शेठ सिद्धपूर येथें वारले. आपल्या कारखान्याचें नांव घरोघर नेणारी ही गाडी त्यांनीं मुंबईच्या रस्त्यावर धांवतांना कधींच पाहिली नाहीं.

त्याच वर्षीं टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. ज्या कंपन्या टप्प्याटप्प्यानें गाडीचे भाग या देशांतच तयार करतील त्यांनाच धंद्यांत राहूं द्यावें, अशी त्याची शिफारस होती. केवळ जुळवाजुळव करणाऱ्या फोर्ड व जनरल मोटर्स या बड्या कंपन्यांनीं १९५४ सालीं येथला गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली, पण टिकावयाचें तर भाग येथेंच घडविणें प्राप्त होतें. मग वर्षानुवर्षें एकेक भाग स्वदेशी होत गेला.

बाहेरून पाहणाऱ्यास हें कळण्यासारखें नव्हतें. त्याला दिसत होतीं तीं फक्त बदलणारीं नांवें. आरंभींच्या गोल पाठीच्या गाडीला मुंबईकरांनीं ‘डुक्कर फियाट’ हें नांव बहाल केलें. तिचे पुढचे दरवाजे मागल्या बाजूस बिजागऱ्या असलेले, म्हणजे उलटे उघडणारे होते. त्यानंतर एलिगंट आणि सिलेक्ट झाल्या, १९६४ सालीं डिलाइट आली, फियाटशीं असलेला करार संपल्यावर १९७२ च्या सुमारास प्रेसिडेंट हें नांव पडलें आणि १९७४ सालीं पद्मिनी. डिलाइटपासून पद्मिनीपर्यंत गाडीचें रूप बहुतेक तेंच राहिलें. इटलींत तें १९६६ सालींच बंद पडलें होतें. येथें तें शतक सरेपर्यंत चाललें. आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. इटलींतील त्या रूपाच्या गाडीस १२२१ घनसेंटिमीटरचें एंजिन होतें, तर कुर्ल्याच्या गाडीस १०८९ चें. तेव्हां जन्मापासूनच ही गाडी इटलीच्या गाडीची तंतोतंत नक्कल नव्हती.

येथें हौशी मंडळींची एक गफलत होते. गाडी ‘मूळची’ करावयाची म्हणून कोणी इटलींतून दिवे मागवितो, कोणी फियाटचें बिल्ले मागवितो, आणि कुर्ल्याच्या कारखान्यासाठीं येथील लहान कारखानदारांनीं घडविलेले भाग ओबडधोबड म्हणून भंगारांत टाकतो. गाडी १९५४ ची असेल तर एक वेळ तें क्षम्य ठरेल, कारण तिच्यांत इटलीचे भाग खरोखरच होते. परंतु १९८० च्या पद्मिनीवर तूरीनचा बिल्ला लावणें हें निखालस खोटें आहे. त्या गाडीचा इतिहास म्हणजेच तिचे ते ओबडधोबड भाग. ज्या गोष्टीसाठीं एका सोलापूरकरानें परक्या सरकारशीं वर्षानुवर्षें झगडा केला, ती गोष्ट त्या दिव्याच्या कडीवरील देशी शिक्क्यांत आहे. तो शिक्का काढून टाकावयाचा आणि वर मूळपणाचा अभिमान धरावयाचा, हा मोठाच विनोद म्हणावयाचा!

तीच गोष्ट टॅक्सीची. काळ्या अंगाची व पिवळ्या टपाची जुनी टॅक्सी हातीं आली कीं तिचा रंग खरवडून तिला घरगुती गाडीचा एकरंगी साज चढविण्याचा मोह होतो. टपावरील सामानाची जाळी, भाड्याचें मीटर, डिकींतील गॅसची टांकी हीं सारीं उपरीं समजून उचकटलीं जातात. उपरीं तीं आहेतच. परंतु पद्मिनी लोकांस आठवते ती शोरूममधील नव्हे, तर दादर किंवा बोरीबंदर स्टेशनाबाहेर रांगेंत उभी राहिलेली. १९२५ सालची एक बुगाटी गाडी स्वित्झर्लंड व इटली यांमधील माजोरे सरोवराच्या तळाशीं अनेक दशकें पडून होती. २००९ सालीं ती वर काढली आणि पुढच्या वर्षीं पॅरिसच्या लिलांवांत अडीच लक्ष युरोंहून अधिक किंमतीस गेली. घेणाऱ्यानें तिचा गंज तसाच राखला. पाण्यांत गेलेलीं वर्षें हाहि त्या गाडीचाच भाग आहे, हें त्यानें ओळखलें होतें.

तथापि गंजाची पूजा करावी असें मात्र कोणी समजूं नये. न चालणारी मोटार लवकर मरते. सिलिंडरच्या भिंतीवरील तेल निथळून जातें आणि कडीं चिकटून बसतात. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें व चाकांतील पिस्टन अडकतात. कार्बोरेटरमध्यें पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर धरतो. पांच वर्षें झांकून ठेवलेली गाडी पांच वर्षें चालविलेल्या गाडीपेक्षां अधिक खराब निघते, असा गॅरेजवाल्यांचा अनुभव आहे. विलायतेंत लंडन ते ब्रायटन ही १९०४ व त्यापूर्वींच्या मोटारींची फेरी १९२७ पासून भरते, तीहि याच बुद्धीनें. शंभरी उलटलेल्या गाड्या तेथें साठ मैल प्रत्यक्ष धांवतात. तेव्हां गाडी चालली पाहिजे, हें ठरलेंच. ती किती व कोठें चालवावयाची, यावर बाकीचें अवलंबून आहे.

सोलापुरासारख्या ठिकाणीं पहिली अडचण उन्हाळ्याची. वैशाखांत पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो. या गाडीचा पेट्रोलचा पंप एंजिनाच्या अंगालाच चिकटलेला. तो तापला कीं नळींतच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी भर चौकांत मान टाकते. मग पंपावर ओलें फडकें गुंडाळून वाट पाहात बसावयाचें, हा जुन्या मालकांचा परिपाठ. आतां मागें टांकीजवळ विजेचा छोटा पंप बसवितां येतो. मूळचा पंप जागच्या जागीं राहतो, पत्र्याला एक भोकहि पाडावें लागत नाहीं आणि मनांत येईल तेव्हां नवा पंप काढून ठेवतां येतो. असल्या बदलाला हरकत घेणारा मनुष्य सोलापूरच्या उन्हांत कधीं अडकलेला नसावा.

दुसरी अडचण खुद्द पेट्रोलची. शिसें मिसळलेलें पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झालें, हें सर्वांच्या आरोग्याच्या दृष्टीनें उत्तमच झालें. पण जुन्या एंजिनाच्या व्हॉल्व्हच्या बैठकी त्या शिशाच्या आधारानें टिकत. एंजिन उघडलें असतां कठीण धातूच्या बैठकी बसवून घेणें शहाणपणाचें. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विक्रीस येऊं लागलें, आणि जुन्या रबराच्या नळ्या व पंपाचा पडदा यांस तें मानवत नाहीं. तें रबर फुगतें, मऊ पडतें, कालांतरानें चिरतें. भर एंजिनावर पेट्रोल गळूं लागलें तर परिणाम काय होईल हें सांगावयास नको. हें इथेनॉल कांहीं अंशीं उसाचें, आणि ऊस तर सोलापूर जिल्ह्याचा जीव कीं प्राण. खुद्द वालचंदांनीं भीमा-नीरेच्या खोऱ्यांत वालचंदनगरचा साखरकारखाना उभारला होता. त्यांच्या उसानें त्यांच्याच मोटारीचें रबर खावें, हा योग कांहीं निराळाच! येथें मूळपणाचा आग्रह धरणें म्हणजे आगीशीं खेळ आहे. नळ्या नव्या जातीच्या रबराच्याच घातल्या पाहिजेत. त्या कोणाच्या डोळ्यांत भरत नाहींत आणि इतिहासाचें त्यांत कांहीं बिघडत नाहीं.

ब्रेकविषयीं मात्र जाणत्यांत खरा मतभेद आहे. पद्मिनीच्या चारहि चाकांस ड्रमचे ब्रेक. गांवांतल्या गांवांत, सात रस्त्यापासून तळ्यापर्यंत जावयाचें असेल तर नवीं अस्तरें घातलेले ड्रम पुरेसे आहेत. पण पुणें-सोलापूर चौपदरी रस्त्यावर पुढची आधुनिक गाडी जितक्या अंतरांत थांबते, तितक्यांत ही थांबत नाहीं. आणि पुढच्या गाडीवाल्यास त्याची कल्पना नसते. अशा प्रवासास गाडी न्यावयाचीच असेल तर पुढच्या चाकांस डिस्क ब्रेक बसविणें गैर नव्हे, मात्र काढलेलीं ड्रमें व आंस तेल लावून, चिठ्ठी बांधून पेटींत ठेवलीं पाहिजेत. बसण्याचे पट्टे तर निःशंकपणें बसवावेत. ते लावल्यानें गाडीचें रूप बिघडतें असें म्हणणाऱ्यानें गाडींत आपलीं मुलें बसवूं नयेत.

पण सोयीच्या नांवाखालीं जें जें होतें तें सारेंच असें निरुपद्रवी नसतें. स्टिअरिंगखालचा हँडगिअर काढून तेथें जमिनीवरचा दांडा बसविण्यासाठीं बोगद्याचा पत्रा कापतात. एअर कंडिशनर बसविण्यासाठीं डॅशबोर्ड फोडतात. दुसऱ्या कंपनीचें ताकदवान एंजिन घालण्यासाठीं पुढचा सांगाडाच बदलतात. कापलेला पत्रा पुन्हां मूळचा होत नाहीं. हँडगिअरची खटखट, पहिला गिअर टाकण्यापूर्वीं गाडी थांबवावी लागणें, पुढच्या सलग बाकावर तिघांनीं दाटीनें बसणें, याच तर पद्मिनीच्या खुणा. त्या नकोशा असतील तर बाजारांत नव्या गाड्या थोड्या आहेत काय?

रंगाचें काम या दोहोंच्या मध्यें कोठें तरी पडतें. जुना ड्यूको रंग थर चढवीत, घांसत, पॉलिश करीत द्यावा लागे. त्याची चमक मंद आणि खोल असे. आजचा रंग कांचेसारखा लखलखतो व अधिक टिकतो. जेथें जुना रंग अर्धाअधिक शाबूत आहे तेथें तो खरवडूं नये, एवढें पथ्य पाळलें तरी पुष्कळ झालें. इग्निशनच्या बाबतींतहि असाच पेंच आहे. डिस्ट्रिब्यूटरच्या पोटांत बसणारा छोटा विजेचा संच घातला कीं पॉइंट घांसण्याची कटकट मिटते, बाहेरून कांहीं दिसतहि नाहीं. तरी पॉइंटची फट नेमकी राखणारा व एंजिनाच्या आवाजावरून टायमिंग लावणारा जुना मिस्त्री गांवांत असेतों त्याच्याच हातून तें काम करून घ्यावें, आणि शेजारीं एखाद्या शिकाऊ मुलास उभें करावें. गाडीबरोबर जन्मलेलें हें हस्तकौशल्यहि मूळच्या भागांपैकींच एक भाग आहे, आणि तें पेटींत घालून ठेवतां येत नाहीं.

जें उलटवितां येतें तें करावें आणि जें उलटवितां येत नाहीं तें शक्य तों टाळावें, हा विचार जागतिक मंडळींनींहि मान्य केला आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें २०१२ सालीं एक सनद मंजूर केली. इमारतींच्या जतनाविषयींची १९६४ ची व्हेनिसची सनद तिच्यापुढें आदर्श होती. वापरासाठीं कराव्या लागणाऱ्या बदलांस तिच्यांत मज्जाव नाहीं. पण ते थोडे असावेत, मूळच्या वस्तूस धक्का न लावणारे असावेत आणि त्यांची लेखी नोंद राहावी, असा तिचा आग्रह आहे. ही सनद ओळखली जाते ती तूरीनच्या नांवानें. ज्या शहरांतून अकराशेंचे नकाशे कुर्ल्यास आले तेंच हें शहर.

आपल्याकडील कायदा याहून कडक आहे. केंद्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें झालेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांस ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंद व ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षें, पुन्हां नोंदीस ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या कामास किंवा भाड्यानें चालवितां येत नाहीं. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती, पेट्रोल भरणें अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर येते. मुख्य अट अशी कीं गाडी मूळ रूपांत राखलेली असावी. चासी, सांगाडा किंवा एंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. गाडी नोंदीस आली कीं तज्ज्ञांची समिति ती तपासते.

पद्मिनी हें नांव धारण करणाऱ्या पहिल्या गाड्यांस २०२४ सालीं पन्नास वर्षें झालीं. त्यांच्यामागून दरवर्षीं एकेका सालच्या गाड्या या पंक्तीस येत राहतील. शेवटच्या गाड्यांची पाळी २०५० च्या सुमारास येईल. त्या वेळीं तपासणीस बसणारे लोक पाहतील तो पत्रा आज, या उन्हाळ्यांत, कोणत्या तरी गॅरेजांत कापला जात आहे किंवा न कापतां ठेवला जात आहे.